आडनाव नुसतंच 'सिनाय': आलं कुठून, अर्थ काय, आणि पुढे काय करावं?

आबोली
नमस्कार मंडळी. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. आता मुलाच्या पासपोर्टामुळे ऐरणीवर आलाय.

सासरचं आडनाव सिनाय. गोव्यात हे ऐकलेलं असतं, पण बहुतेक वेळा मधल्या जागी: अमुक सिनाय तमुककर. पुढच्या पिढीत मधलं सिनाय गळतं आणि गावाचा 'कर' उरतो. आमच्याकडे उलटी गंगा. आजेसासऱ्यांच्या पोर्तुगीज खरेदीखतावर ठसठशीत सही आहे, 'सिनाय नेवरेंकार'. सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर नेवरेंकार गायब, फक्त सिनाय. तेव्हापासून आम्ही तेवढेच. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तेवढ्यान भागलें मगो!"

मुलगा पुण्यात शिकतो. तिथे दोघांनी त्याला ज्यू ठरवलं आणि मेसच्या काकांनी वहीत 'सनई' लिहून ठेवलंय. तो म्हणतो, पासपोर्ट काढतोच आहोत तर नेवरेकर परत लावू या. यजमान म्हणतात, आहे ते दुर्मीळ आहे, राहू दे. तुमच्यापैकी नुसतं सिनाय लावणारं कोणी आहे का? आणि मुळात हे काय आहे, जात, गाव की पदवी?

पुणेरी जावई
सनईवर भागलं हे नशीब समजा ताई. माझ्या सासुरवाडीच्या जुन्या कागदांवर आडनाव 'पोय' असं आहे. मूळ पै. इथल्या बँकेतल्या बाईंनी दोनदा विचारलं, "पोह्यांचा व्यवसाय का?"

काणकोणचो कापूस
सिनाय म्हणजे शेणै, शेणवी. विषय संपला. :-)

आबोली
कापूस, विषय संपला असता तर धागा कशाला काढला असता? शेणै म्हणजे काय ते सांगा ना.

मांडवीतीर
आधी स्पेलिंगचा गुंता सोडवू, म्हणजे अर्ध्या शंका जातील.

पोर्तुगीज कारकून कानाला जसं ऐकू येई तसं आणि आपल्या लिपीच्या सवयीनं लिहीत. आपल्याकडचा 'अ' कोकणीत गोल होतो, तो त्यांना 'ओ' ऐकू आला. म्हणून प्रभूचा पोरोबो झाला, भटाचा बोटो, पैचा पोय. शेवटच्या अनुनासिकासाठी ते 'एम' टाकत, म्हणून कामतांचं 'कामोतिम', केणींचं 'केनिम'; कुंडई आणि केरी या गावांच्या रोमन स्पेलिंगच्या शेवटी आजही तो 'एम' आहे. 'क'साठी 'सी' किंवा 'क्यू', म्हणून 'कर'मधला 'के' तुम्हाला जुन्या कागदांत दिसणार नाही.

आता गंमत. 'श'साठी त्यांच्याकडे 'एक्स' होता. शंकर, शेट ही नावं एक्सनं लिहिलेली ढिगानं सापडतात. त्या न्यायानं शेणैसुद्धा एक्सनं लिहायला हवं, आणि काही घराण्यांत ते तसं लिहिलंही आहे. गोव्याच्या पुराभिलेखागाराचं काम ज्यांनी उभं केलं ते इतिहासकार पिसुर्लेकर, त्यांचं पूर्ण नाव पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर. मग बाकीच्यांचं एसनं 'सिनाय' का? माझा आपला तर्क असा की कारकुनाला बायबलमधला सिनाय पर्वत पाठ होता. तयार स्पेलिंग हाताशी असताना नवं कोण घडवतो? तेव्हा पुण्यातल्या पोरांनी ज्यू म्हटलं तर त्यात त्यांचा फार दोष नाही.

झोणदार
मांडवीतीर, स्पेलिंग झकास समजावलंत. अर्थाचं मी सांगतो.

आमच्याकडे लहानपणापासून सांगतात ते असं: गौड सारस्वत गोव्यात येऊन वसले ते साष्टीत ६६ गावांत आणि तिसवाडीत ३० गावांत. सहासष्ट म्हणून साष्टी, तीस वाड्या म्हणून तिसवाडी. बेरीज ९६. शाण्णव गावांचे ते शेण्णवी, त्याचं शेणवी, शेणै. नेवरा तिसवाडीतलंच, म्हणजे आबोलीताई, तुम्ही त्या तिसातल्या.

काणकोणचो कापूस
बघा, मी म्हटलं होतं ना.

अंकोलेकर
झोणदारसाहेब, साष्टी आणि तिसवाडीची व्युत्पत्ती बरोबर. पण त्या बेरजेवरून शेणै निघतं हे मला पटत नाही. ९६ हा आपल्याकडचा लाडका आकडा आहे, मराठ्यांचीही शहाण्णव कुळी आहेच. एखादी गोष्ट मोठी आणि पूर्ण वाटायला हवी असली की तिथं शहाण्णव येतं. आधी शब्द होता, मागाहून कोणीतरी हिशेब जुळवला असं मला वाटतं.

आमच्या कारवार-अंकोल्याच्या बाजूला शानभाग आडनाव आहे. कन्नडमध्ये शानभोग म्हणजे गावचा हिशेबनीस, आपला कुळकर्णी. जुन्या कन्नड शिलालेखांत तोच 'सेनबोव' म्हणून येतो. गोव्यावर कदंबांचं आणि विजयनगरचं राज्य होतं, गावचे हिशेब गोंयकानडी लिपीत लिहिले जात. लिहिणं-वाचणं, हिशेब, शाळा हे ज्यांच्याकडे होतं त्यांना शेणै म्हणत असावेत, असा माझा अंदाज. शेणवी शिकवायचे म्हणून मास्तराला शेणवी म्हणत, हेही जुन्या माणसांकडून ऐकलंय. सेनापतीपासून शेणै म्हणणारेही भेटतात, ते मला जरा फेट्यात तुरा खोवल्यासारखं वाटतं.

खाली मंगळूर, कोचीपर्यंत हेच शेणॉय होऊन बसलंय, आणि तिथं ते अजिबात दुर्मीळ नाही. त्यांनी गावाचा 'कर' टाकला आणि पदवी ठेवली. म्हणजे तुमच्या घरानं जे केलं तेच, फक्त त्यांनी गोवा सोडून केलं.

झोणदार
फेट्यात तुरा! आमच्या काकांसमोर म्हणून बघा एकदा.

वेळीपवाड्यावरचा
वाचतोय कधीपासून. एक बोलू का? शेणै म्हणजे काय यावर एवढा खल होतो. आमच्या वेळीप आडनावाबद्दल कोणी धागा काढत नाही, कारण ते सगळ्यांना 'आदिवासी' एवढ्यातच कळतं. वेळीप म्हणजे गावच्या देवाचं काम पाहणारा, गावाला एकत्र बसवणारा माणूस. त्याच्याबरोबर बुधवंत असतो, तोही मानाचा. ही कामाची नावं, मागाहून आडनावं झाली. केप्यात, काणकोणात वेळीप घराघरात सापडतील. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. तोवर कोणाला व्युत्पत्ती सुचली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच की अंकोलेकर म्हणतात तसं शेणै हे कामाचं नाव असेल, तर ते वेळीप, जल्मी, च्यारी यांच्याच पंगतीतलं. च्यारीसुद्धा आचार्यावरूनच. त्यात पर्वत आणि शहाण्णव गावं आणायची गरज नाही.

आबोली
वेळीपभाऊ, पटलं. आणि खरंच तुम्ही वेगळा धागा काढा, मी पहिली येईन.

पुणेरी जावई
च्यारी = आचार्य? आमच्या फ्लॅटचं फर्निचर करणारे च्यारी मिस्त्री हे ऐकून दर वाढवतील.

दिवाडीकार
म्हाका मराठी बरोवपाक जमना, तरी पळयतां. आम्ही क्रिस्तांव. आडनाव पोर्तुगीज, बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं, आमच्या वाड्यावर अर्ध्या घरांना तेच. पण आमची आजी सांगायची, आपण मूळचे पोरोब. लग्न जमवताना हळूच विचारायची, "ते कोण? पोरोब काय नायक?" चर्चच्या वहीत पोरोब कुठेच नाही, आजीच्या तोंडी होतं. आबोलीबाय, तुमच्याकडे उलट आहे, कागदावर आहे आणि घरात कोणाला ठाऊक नाही. कागद सांबाळ.

चवथीचो माटोळी
दिवाडीकारांचं वाचून छान वाटलं. मंगळूरच्या क्रिस्ती घराण्यांतही प्रभू, कामत, शेणॉय ही जुनी आडनावं अजून सांगतात, काहीजण लावतातही.

बाकी गावावरून आडनाव म्हणजे सगळं स्पष्ट, असं वाटून घेऊ नका. मी केरकर. कुठल्या केरीचा? सत्तरीत केरी आहे, पेडण्यात आहे, फोंड्यातही आहे. महादजी शिंद्यांचे सेनापती जिवबादादा बक्षी केरकर, ते पेडण्याच्या केरीचे. आमचे बाबा कोणी पाहुणे आले की आम्ही त्यांच्याच वंशातले म्हणून सांगतात. आम्ही फोंड्याच्या केरीचे. शिरोडकरांचंही तेच, एक शिरोडा फोंडा तालुक्यात आणि एक तिकडे वेंगुर्ल्यात, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचा.

काणकोणचो कापूस
जिवबादादांचे किती वंशज आहेत हे मोजलं तर शिंद्यांच्या फौजेपेक्षा जास्त भरतील.

मांडवीतीर
गावाच्या नावाचं आणखी एक. पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली तेव्हा देव हलले आणि माणसंही हलली. मंगेश कुठ्ठाळीहून १५६० मध्ये प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीची, ती कवळ्याला. म्हाळसा वेर्ण्याची, ती म्हार्दोळला. रामनाथ लोटलीचा. सगळे आले ते फोंड्यात, कारण त्या काळी फोंडा पोर्तुगीजांकडे नव्हता. लोटलीकर कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या दुसरीकडे राहतं आणि आडनाव मात्र साडेचारशे वर्षांपूर्वी सोडलेल्या गावाचं. याच्या उलट दीनानाथ मंगेशकर. त्यांनी मंगेशीवरून आडनाव घेतलं, म्हणजे नव्यानं. आडनाव दगडात कोरलेलं असतं असं मानणाऱ्यांसाठी सांगतोय.

खाडीपलीकडे
एक तांत्रिक हरकत. आबोलीताई एकदा 'नेवरेंकार' लिहितात, एकदा 'नेवरेकर'. गोव्यात मूळ रूप 'कार' आहे, गांवकार, नेवरेंकार. 'कर' हे मराठीकरण. धेंपोचं धेंपे झालं तसंच. आपली नावं मुळात कोकणी आहेत हे मान्य करायला काय हरकत आहे?

झोणदार
झालं सुरू. गोव्यात १५२६ मध्ये केळशीच्या कृष्णदास शामानं 'कृष्णचरित्रकथा' मराठीत लिहायला घेतली. देवळांचे हिशेब, कीर्तनं, शाळा मराठीत. 'कर' बाहेरून आला कसा म्हणता?

खाडीपलीकडे
पोथीत मराठी होती, चुलीपाशी कोकणी होती. नावं चुलीपाशी ठेवतात.

झोणदार
आणि खरेदीखत पोर्तुगीजमध्ये. मग काय, पोर्तुगीज नाव?

खाडीपलीकडे
१९८७ च्या राजभाषा कायद्यात काय लिहिलंय ते...

व्यवस्थापक
राजभाषेवर आपल्याकडे आधीच बरेच धागे आहेत, त्यातले काही कुलूपबंद आहेत. इथे आडनावाबद्दलच बोला. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

पुणेरी जावई
उडवलेले कोणाचे होते? (पॉपकॉर्न आणायला गेलो होतो.)

आबोली
कर आणि कार दोन्ही आमच्याच घरात आहे हो. सासूबाई कार म्हणतात, मी कर. भांडण फक्त भाजीत नारळ किती यावर होतं.

मूळ प्रश्नावर या ना कोणीतरी. नेवरेकर गळून सिनाय कसं राहिलं?

लिस्बन वेटिंग
मला वाटतं शाळेत. माझ्या वडिलांची गोष्ट सांगते. त्यांचं जन्मनोंदीतलं नाव पाच भागांचं: स्वतःचं, वडिलांचं, मग सिनाय, मग गाव. (गाव दोन शब्दांचं.) गोवा मुक्तीनंतर, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ नंतर, शाळांचे दाखले नव्या छापील रजिस्टरवर उतरवले गेले, त्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीनच रकाने. बहुतेक मास्तरांनी पहिले तीन शब्द उचलले. जो चौथा, पाचवा तो गेला. आमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र मास्तर गावचेच होते, त्यांनी गाव लिहिलं आणि सिनाय टाकलं. तुमच्याकडचे मास्तर घाटावरचे असतील तर त्यांना तिसरा शब्द हेच आडनाव वाटलं असणार.

आता ताई, ज्यासाठी लिहायला घेतलं ते. पासपोर्टावर नाव जोडण्याआधी दहा वेळा विचार करा. आमच्या घरात कागदोपत्री तीन नावं निघाली. आजोबांच्या जन्मनोंदीत सिनाय आहे, वडिलांच्या दाखल्यात नाही, माझ्या लग्नाच्या नोंदीत स्पेलिंग वेगळं. पोर्तुगालच्या जन्मनोंदणीसाठी (तिथलं नागरिकत्व मिळवायला) कागद पाठवले तर तिथून परत, कारण बाप आणि मुलगा एकाच घरचे वाटत नाहीत. मग नोटारीकडे जाऊन 'वन अँड सेम पर्सन'चं प्रतिज्ञापत्र. एका कार्यालयानं ते चालवून घेतलं, दुसऱ्यानं सांगितलं कोर्टाचा आदेश आणा. खिडकीवरची मुलगी मला म्हणाली, "बाय, तुमच्या घरात नक्की किती लोक राहतात?" मी हसले, पण घरी येऊन रडले.

पुणेरी जावई
(पॉपकॉर्न खाली ठेवला.) ताई, काम झालं का शेवटी?

लिस्बन वेटिंग
आयडी बघा. :-)

मांडवीतीर
लिस्बनताईंचा शाळेच्या रजिस्टरचा मुद्दा एकदम पटण्यासारखा. आबोलीताई, खात्री करायची असेल तर सासऱ्यांची जन्मनोंद काढा. शाळेचा दाखला हा दुय्यम कागद, जन्मनोंदीत नाव कसं आहे तेच खरं. पोर्तुगीज काळची नोंद आहे, तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात विचारा. हस्ताक्षर वाचायला त्रास होतो, म्हणून फक्त टाइप केलेल्या उताऱ्यावर न थांबता मूळ पानाची छायाप्रत मागा. उतारा टाइप करणाराही माणूसच असतो, नेवरेंकारचा नेत्रावळीकर करून ठेवील.

दुसरा रस्ता देवळाचा. तुमच्या कुलदेवाच्या देवस्थानात महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांची, यादी असते. १८८६ च्या मझानींच्या (महाजन मंडळांच्या) कायद्यापासून देवस्थानांचा कारभार आणि महाजन कोण हे कागदावर येत गेलं, १९३३ मध्ये नवा कायदा झाला. त्या यादीत माणसं पूर्ण नावानिशी असतात, कारण तिथे हक्काचा प्रश्न असतो, पालखीचा मान, कमिटीचं मत. मास्तर शब्द गाळतील, महाजन गाळू देत नाहीत. तुमच्या यजमानांचं नाव आज यादीत आहे का? असेल तर ते सिनाय म्हणून आहे की नेवरेकर म्हणून?

झोणदार
आणि तिसरा रस्ता कोमुनिदादीचा, म्हणजे गावकारांच्या जुन्या सामायिक जमिनीच्या संस्थेचा. नेवऱ्याच्या गावकारांत तुमचं वांगड (घराण्यांचा गट) असेल तर झोणाच्या, म्हणजे उत्पन्नातल्या वार्षिक वाट्याच्या, वहीत पणजोबाही सापडतील. आमचं झोण वर्षाला येतं त्यात चहा-भजी होत नाही, पण वहीत नाव आहे म्हणून मी दर वर्षी जाऊन सही करतो. आयडी उगाच नाही घेतला.

अंकोलेकर, तुमचा शानभोग मी काकांना सांगितला. म्हणाले, "हिशेबनीस होतो म्हणूनच शाण्णव मोजता आले."

अंकोलेकर
काकांना दंडवत. हरलो.

वेळीपवाड्यावरचा
काका भारी आहेत.

आबोली
सगळ्यांचे आभार. यजमानांनी धागा वाचला (ते फक्त वाचतात, लिहीत नाहीत). देवस्थानात फोन केला. यादीत सासऱ्यांचं नाव 'सिनाय नेवरेंकार' असंच आहे आणि यजमानांचं नावच नाही! सासरे गेल्यावर वारस म्हणून नाव चढवायचं राहूनच गेलं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही जत्रेला जाऊन मागे उभे राहतोय ते मुळात पाहुणे म्हणून.

नाव चढवायला बाप-लेकाचं आडनाव जुळायला हवं असं तिथल्या क्लार्कनी सांगितलं. आता यजमानच म्हणतायत, नेवरेकर लावू या.

पुणेरी जावई
पालखीपुढे दुर्मिळता हरली.

लिस्बन वेटिंग
ताई, मग पासपोर्टापासून सुरुवात करू नका, उलट्या टोकानं या. आधी यजमानांच्या जन्मनोंदीत दुरुस्ती. गोव्यात नाव-आडनाव बदलायला १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, अर्ज कुठे करायचा ते तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात विचारा. मग मुलाची जन्मनोंद, मग आधार, पॅन, आणि सगळ्यात शेवटी पासपोर्ट. आणि सिनाय काढू नका हो. सिनाय नेवरेकर असं पूर्ण लावा, म्हणजे मुलाचे दहावी-बारावीचे दाखले निदान अर्धे तरी जुळतील. त्याच्या शिक्षणाचे कागद मध्येच अडकत असतील तर यजमानांचं आत्ता करा, मुलाचं पदवी हातात पडल्यावर.

खाडीपलीकडे
नेवरेंकार लावा. बाकी काही म्हणत नाही. व्यवस्थापक बघतायत.

आबोली
यादीत आहे तेच लावणार, म्हणजे नेवरेंकार. झोणदारांनी वाईट वाटून घेऊ नये.

झोणदार
छे हो. वारसनोंदीसाठी सासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत लागेल, झेरॉक्स चालत नाही. आणि क्लार्क अकरानंतर भेटतो, सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी देवळात गर्दी असते.

चवथीचो माटोळी
कोणी फोंड्याच्या केरीच्या केरकरांची महाजन यादी पाहिली आहे का? बाबांना न सांगता काढायची आहे.